त्यांचा मुकादम कोण?

बीड जिल्ह्यातला माणूस जहाजावर खलाशी आहे म्हटलं की लोकांना आधी हसू येतं. आमच्याकडं जास्तीचं पाणी बघायचं तर माजलगावच्या धरणावर जावं लागतं, आणि हे बेणं म्हणे समुद्रावर! लग्नाच्या पंगतीत अजून विचारतात, "म्हणजे तुम्ही नेव्हीत का?" मी नेव्हीत नाही. मालवाहू जहाजावर एबी आहे, म्हणजे डेकवरचा खलाशी. गंज खरवडायचा, रंग मारायचा, बंदरात दोर बांधायचे, रात्री ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, उभं राहून समोर बघत राहायचं. माय-अण्णा ऊसतोडीला जायचे, मी जहाजावर जातो. दोन्हीकडं माणूस घर सोडतो आणि ठरलेली मुदत संपल्याशिवाय परतत नाही, त्यामुळं आमच्या घरात माझ्या नोकरीचं कुणाला फार नवल वाटलं नाही. मायचं एवढंच म्हणणं होतं, की फडात निदान आम्ही दोघं बरोबर असायचो.

परवा पारावर एकानं मोबाईलवर काहीतरी बघून शेरा मारला, "फिलिपाइन्सवाले काय, जगभर धुणीभांडी करायला जातात." सूर माझ्या ओळखीचा होता. लहानपणी कोल्हापूर-सांगलीच्या बाजूला फडातल्या कोपीसमोर उभा असताना मी तोच ऐकलाय, "बीडवाले आलेत तोडीला." पारावर मी काही बोललो नाही. एवढं सगळं उभ्याउभ्या सांगायचं कसं? म्हणून इथं लिहितो.

मी ज्या जहाजांवर गेलो तिथं निम्म्याहून जास्त क्रू फिलिपिनो असायचा. कॅप्टन ग्रीक नाहीतर युक्रेनचा, मालक जपानी, झेंडा पनामाचा आणि काम करणारे हात फिलिपिन्सचे. जगाच्या व्यापारातला ८० टक्क्यांहून जास्त माल समुद्रावरून जातो आणि खलाशी पुरवणाऱ्या देशांत फिलिपिन्स पहिल्या रांगेत आहे. जपानी मालकांच्या जहाजांवर तर बहुतेक खलाशी तेच. आपल्या घरातलं खाद्यतेल, खत, मोबाईल, यातलं काहीतरी कुणा फिलिपिनो माणसाच्या पहाऱ्यात रात्रीचा समुद्र ओलांडून आलेलं असतंच. पण खलाशी दिसत नाही. बंदरातही दिसत नाही, कारण कंटेनरचं जहाज आता दिवस-दीड दिवसात रिकामं होऊन निघून जातं.

आमच्या बोसनचं सांगतो. बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा म्होरक्या. जहाजावर नावापेक्षा हुद्द्यानं हाक मारतात, म्हणून इथंही बोसनच. पन्नाशीचा, बुटका, शिवी देतानासुद्धा हसणारा. पनाय बेटावरच्या आंतिके प्रांताचा. शनिवारी रात्री कराओके सुरू झालं की माईक याच्या हातून सुटायचा नाही आणि सकाळी सहाला डेकवर सगळ्यांत आधी हाच.

सांतोस हे ब्राझीलचं मोठं बंदर. तिथं आम्ही कच्ची साखर भरत होतो. पट्ट्यावरून आलेली तपकिरी साखर नळीतून हॅचमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटात उघडणाऱ्या झाकणातून आत, पडत राहते. तिची धूळ अंगाला, कपड्यांना, रेलिंगला चिकटते, डेकवर चाललं की बुटाखाली चरचर वाजतं. वास मात्र थेट आपल्याकडच्या कारखान्याच्या गेटवरचा. मी उभ्याउभ्या हिशेब मांडला. जहाजात साखर पंचेचाळीस हजार टन धरू. आमच्याकडच्या दहा टक्के उताऱ्यानं साडेचार लाख टन ऊस. नवरा-बायकोचा एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो, पाच महिन्यांचा हंगाम म्हणजे तीनशे टन. दीड हजार कोयते अख्खा हंगाम राबले की एक जहाज भरतं. ब्राझीलमध्ये बहुतेक ऊस यंत्रानं तोडतात, तेव्हा या हिशेबाला तिथं काडीचा अर्थ नव्हता. पण ऊसतोड्याच्या पोराला टनांचा हिशेब केल्याशिवाय साखर बघताच येत नाही, त्याला काय करणार?

तेवढ्यात पाऊस आला. साखर भरताना पाऊस आला की सगळं थांबतं, धावत जाऊन हॅच बंद करावे लागतात. ते करून आम्ही बोसन स्टोअरच्या दारात बसलो. बोसननं बाहीला चिकटलेली साखर बोटानं काढली, तोंडात टाकली आणि म्हणाला, "माझा बाप हेच तोडायचा."

मला वाटलं चेष्टा करतोय. मग त्यानं सांगायला सुरुवात केली. फिलिपिन्समधलं नेग्रोस हे साखरेचं बेट. जमीन मोठ्या मळेवाल्यांची आणि तोडणीला माणसं शेजारच्या आंतिकेमधून यायची. त्यांना सकादा म्हणतात. हंगामाआधी कंत्राटदार गावात यायचा, घरटी आगाऊ पैसे द्यायचा, ते पैसे घरात खर्च व्हायचे आणि मग माणूस बोटीत बसून फेडायला जायचा. हिशेब कंत्राटदाराच्या वहीत. हंगाम संपेपर्यंत फिटलं तर फिटलं, नाहीतर पुढच्या सालाला चालू. हंगाम संपल्यावरचे काही महिने बेटावर हाताला काम नसतं, त्या दिवसांना ते 'मेलेला काळ' म्हणतात.

"अरे, ही तर उचल!" मी मराठीतच ओरडलो. मग त्याला मुकादम समजावून सांगितला. त्याला फार काही समजवावं लागलं नाही.

१९८०च्या दशकाच्या मध्याला जगात साखरेचे भाव कोसळले आणि नेग्रोसवर उपासमार आली, लेकरं कुपोषणानं गेली. त्या दिवसांत बोसनची सगळ्यांत थोरली बहीण हाँगकाँगला घरकामाला गेली. ती विशीत होती. तिच्या पगारातून बोसन इलोइलोच्या नौकानयन कॉलेजात शिकला. शिकून झाल्यावर काय? मनिलात खलाशांना काम देणाऱ्या मॅनिंग एजन्सीची रांग. तिथं पोरं 'युटिलिटी' म्हणून फुकट राबतात: साहेबाची कॉफी आण, कागदपत्रं पोचव, त्याच्या लेकरांना शाळेत सोड. असं करत राहिलं की कधीतरी जहाज मिळतं. बोसननंही ते केलं. लुनेता बागेजवळ कालाव रस्त्यावर झाडाखाली खलाशांचा बाजार भरतो, एजन्सीचे लोक रिकाम्या जागांचे फलक घेऊन उभे असतात आणि पोरं फायली छातीशी धरून वाचत फिरतात. खलाशाकडून नोकरीचे पैसे घ्यायला तिथल्या कायद्यानं बंदी आहे, आपल्याकडंही आहे. मला नवी मुंबईत भेटलेल्या एजंटाला तो कायदा बहुतेक ठाऊक नसावा. त्याच्यापायी आमची एक म्हैस गेली, अण्णा अजून तिचं नाव काढतात.

बोसन जहाजावर लागला आणि त्याच्या पैशांवर धाकटी बहीण नर्सिंग शिकली. ती आधी सौदीला गेली, आता इंग्लंडमध्ये आहे. म्हणजे एकीच्या धुण्याभांड्यांवर एक खलाशी उभा राहिला, खलाशाच्या पगारावर एक नर्स. त्याखाली भाचे-पुतणे किती शिकले ते बोसनलाही नीट सांगता येईना. बापाचं पत्र्याचं घर कधीच सिमेंटचं झालं. आणि घरातलं पुन्हा कुणी तोडीला गेलं नाही.

पुढं एकदा आम्ही हाँगकाँगला कोळसा घेऊन गेलो, रविवार मिळाला आणि बोसन मला बहिणीकडं घेऊन गेला. तिचं घर म्हणजे मालकाचं घर, तिथं जायची सोय नाही. हाँगकाँगमध्ये परदेशी घरकामगार बाईनं मालकाच्याच घरी राहायचं असा २००३पासूनचा नियम आहे. म्हणून सगळ्या जणी रविवारी सेंट्रल भागात जमतात. चेटर रोड त्या दिवशी गाड्यांना बंद. एचएसबीसी बँकेच्या उंच इमारतीखाली, पुलांखाली, पायऱ्यांवर पुठ्ठे अंथरून बायाच बाया बसलेल्या. कुणी नखं रंगवतंय, कुणी गावाकडं व्हिडिओ कॉलवर लेकराला पाढे म्हणायला लावतंय, कुणी खोक्यात सामान रचतंय. आठवडाभर तिथं जगभरच्या पैशांचे व्यवहार चालतात. रविवारी त्याच फरशीवर डबे उघडतात.

बोसनच्या ताईनं मला पुठ्ठ्यावर जागा करून दिली आणि न विचारता शेवयांसारखं पान्सित ताटात वाढलं. तिनं एकाच घरात दोन मुलं वाढवली. पहिला विद्यापीठात गेला. त्या मुलांची आई हिशेबाच्या मोठ्या कंपनीत अधिकारी झाली, कारण घरी ताई होती. हाँगकाँगमध्ये अशा साडेतीन लाखांच्या आसपास परदेशी घरकामगार आहेत, त्यांतल्या निम्म्याहून जास्त फिलिपिनो. एवढ्या बाया घर सांभाळतात म्हणून तिथल्या लाखो बाया कचेरीत जाऊ शकतात. त्यांच्या पगाराचा सरकारनं ठरवलेला किमान आकडा सप्टेंबर २०२४मध्ये ४,९९० हाँगकाँग डॉलर झाला, तेव्हाचे आपले साधारण ५३ हजार रुपये. आपल्याला मोठा वाटतो. पण त्या शहरात एवढ्या पैशांत एक खोली भाड्यानं मिळत नाही.

ते खोकं बघून मला राहवलं नाही, मी आत काय आहे ते विचारलं. साबणाच्या वड्या, डबाबंद मांस, चॉकलेट, टॉवेल, भाचीसाठी बूट, बुटाच्या आत मोजे, मोज्यात आणखी चॉकलेट. एक बोटभर जागा रिकामी नाही. याला बालिकबायन बॉक्स म्हणतात. परदेशातल्या फिलिपिनो माणसानं वर्षाला तीन खोकी, मिळून दीड लाख पेसोपर्यंत, घरी पाठवली तर जकात लागत नाही. २०१५मध्ये कस्टमवाल्यांनी ही खोकी उघडून तपासायचं काढलं, तर एवढा गदारोळ झाला की राष्ट्राध्यक्षांना कस्टमला माघार घ्यायला लावावी लागली. मायही हंगामावरून परतताना कोल्हापुरी गुळाच्या ढेपा लुगड्यात बांधून आणायची. ढेप फुटायला नको म्हणून ट्रकमध्ये आम्हा पोरांपेक्षा तिला जास्त जपायची.

इंग्लंडमधल्या धाकट्या बहिणीला मी भेटलेलो नाही, फोनवर बघितलंय. पण तिच्या देशातल्या एका नर्सला तुम्हीही बघितलं असेल. ८ डिसेंबर २०२०ला कॉव्हेंट्रीच्या रुग्णालयात मार्गारेट कीनन या नव्वदीच्या आजींना कोविडची लस टोचली गेली, चाचण्यांच्या बाहेर दिलेली फायझरची जगातली पहिली लस. सुई धरणारी नर्स मे पार्सन्स, मूळची फिलिपिनो. २०२२मध्ये ब्रिटनच्या आरोग्यसेवेला जॉर्ज क्रॉस हा शौर्याचा सन्मान हाती दिला गेला, तेव्हा विंडसरला राणीच्या समोर त्या होत्या. दुसरी बाजू अमेरिकेची. तिथल्या नर्सच्या संघटनेनं सप्टेंबर २०२०मध्ये मोजदाद केली, तर नर्समध्ये फिलिपिनो ४ टक्के आणि कोविडनं मेलेल्या नर्समध्ये जवळजवळ एक तृतीयांश. अतिदक्षता विभागात आणि रात्रपाळीत जास्त कोण होतं, ते या आकड्यावरून कळतं.

आणि नर्स बाहेर गेल्या तर घरी कोण? त्याच साथीत फिलिपिन्सला आपल्या नर्स रोखून धराव्या लागल्या. आधी बंदी, मग वर्षाला ५,०००ची मर्यादा. फेब्रुवारी २०२१मध्ये तर तिथल्या कामगार खात्यानं ब्रिटन आणि जर्मनीला सुचवलं, की आम्ही नर्सवरची मर्यादा उठवतो, तुम्ही आम्हाला लस द्या. ब्रिटननं नाही म्हटलं. मी ही बातमी जहाजावर वाचली तेव्हा बोसन एवढंच म्हणाला, "आमची किंमत नेहमी कशात तरी ठरते." त्या वेळी जगभरात चारेक लाख खलाशी मुदत संपूनही जहाजांवर अडकले होते. बंदरं उतरू देत नव्हती आणि विमानं बंद. आम्हीही त्यातलेच.

आता पैशाचं. फिलिपिन्सच्या मध्यवर्ती बँकेनं मोजलं, तर २०२४मध्ये परदेशातल्या माणसांनी घरी पाठवलेली रक्कम ३८ अब्ज डॉलरच्या वर, देशाच्या जीडीपीच्या आठ टक्क्यांहून थोडी जास्त. त्यात एकट्या खलाशांचे सुमारे ७ अब्ज. दर महिन्याला हा आकडा बातम्यांत येतो, जसा आपल्याकडं पाऊस येतो. डिसेंबरात वाढतो, कारण नाताळ.

ही सगळी व्यवस्था कुणाच्या चांगुलपणातून आली असं समजू नका. १९७४मध्ये हुकूमशहा मार्कोसच्या राजवटीत कामगार कायदा झाला आणि माणसं बाहेर पाठवणं हे सरकारी धोरण बनलं. तेल महागलेलं, देशात काम नाही, तिजोरीत डॉलर नाहीत. १९८२मध्ये हुकूम काढला, की पगारातला ५० ते ८० टक्के भाग बँकेतून घरी पाठवलाच पाहिजे, नाहीतर पासपोर्टचं नूतनीकरण होणार नाही. हाँगकाँगमधल्या घरकामगार बायांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि १९८५मध्ये शिक्षेची कलमं मागं घ्यावी लागली. खलाशांना मात्र आजही मूळ पगारातले किमान ८० टक्के दर महिन्याला घरी लावावे लागतात, तसं सरकारी करारातच छापलेलं असतं. बोसनला याचा राग होता आणि उपकारही वाटायचे. "हातात आले असते तर मी पहिल्या वर्षी उडवले असते," हे तोच सांगायचा.

१९९५चा मार्च. सिंगापूरनं फ्लोर कॉन्तेम्प्लासिओन या फिलिपिनो घरकामगार बाईला खुनाच्या आरोपाखाली फासावर दिलं. आपल्या सरकारनं तिच्यासाठी पुरेसं केलं नाही म्हणून अख्खा देश पेटला आणि तीन महिन्यांच्या आत, ७ जूनला, स्थलांतरित कामगारांचा कायदा सही होऊन आला. आता जाणाऱ्या प्रत्येकाला निघण्याआधी त्या देशाची माहिती देणारा वर्ग करावा लागतो. करार सरकारी माणूस तपासतो. २५ डॉलर भरून कल्याण निधीचं सभासद व्हायचं, त्यातून मेला-जखमी झाला तर मदत, अडकला तर परत आणायचा खर्च, लेकरांना शिष्यवृत्ती. २००४पासून परदेशातून मतदानही करतात. २०२१च्या शेवटी तर स्थलांतरित कामगारांचं वेगळं मंत्रालयच झालं. खलाशांच्या हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, ज्याच्या जोरावर मी आज विश्रांतीचे तास मागू शकतो, तो लागू व्हायला ३० देशांची संमती लागायची. ऑगस्ट २०१२मध्ये फिलिपिन्स सामील झालं तेव्हा तो आकडा भरला. त्यांच्या भांडणाचं फळ माझ्याही ताटात आहे.

एवढं असूनही माणसं मरतात. २०१८मध्ये कुवेतमध्ये एका फिलिपिनो बाईचं प्रेत फ्रीजरमध्ये सापडलं, तेव्हा सरकारनं तिकडं माणसं पाठवणं थांबवलं. त्यानंतर जो करार झाला त्यात बाईचा पासपोर्ट आणि मोबाईल तिच्याकडंच राहील हे लिहून घ्यावं लागलं. मार्च २०२४मध्ये एडनच्या आखातात 'ट्रू कॉन्फिडन्स' जहाजावर येमेनच्या हुथी बंडखोरांचं क्षेपणास्त्र पडलं. तीन जण गेले, त्यांत दोन फिलिपिनो. उरलेल्यांना आपल्या आयएनएस कोलकातानं वाचवलं. असले हल्ले टाळायला आम्ही तेव्हा आफ्रिकेला वळसा घालून चाललो होतो. मेसमध्ये कुणी कराओके लावलं नाही.

१९८८मध्ये राष्ट्राध्यक्षा कोराझोन अकिनो हाँगकाँगमधल्या कामगार बायांना 'नवे वीर' म्हणाल्या, तेव्हापासून तो शब्द चिकटलाय. विमानतळावर, जाहिरातींत, भाषणांत. मला तो आवडत नाही. वीर म्हटलं की पगारवाढ मागायची पंचाईत होते. बोसनच्या बायकोनं दोन बाळंतपणं नवऱ्याशिवाय काढली आणि पोरगा बारा वर्षांचा होईपर्यंत बापाला 'अंकल'सारखा लाजत होता. त्याची नोंद कुठल्या बँकेच्या आकड्यात होणार?

घरी सुट्टीवर आलो तेव्हा हे सगळं माय-अण्णांना सांगत होतो. मायनं पहिला प्रश्न विचारला, "त्या हाँगकाँगच्या बाईला सोताची लेकरं हायती का?" आहेत, म्हटलं, आजीनं सांभाळली. "मग आपल्यावानीच की," माय म्हणाली. मलाही तिसरीनंतर आजीनंच सांभाळलं.

अण्णांचा प्रश्न निराळा. "त्येंचा मुकादम कोण?"

मी म्हटलं, "सरकारच."

अण्णांनी तंबाखू मळता मळता विचार केला. "मग ब्येस हाय. सरकार पळून तर जात नाही."

मी म्हटलं, उचल मात्र उलटी आहे. तुम्ही आधी पैसे घेऊन मग फेडायला जायचा, ते आधी राबतात आणि मग पैसे घरी येतात. म्हणून त्यांच्या पैशातून घर होतं. तुमच्या उचलीतून बहिणीचं लग्न झालं आणि पुढचा हंगाम ते फेडण्यात गेला.

अण्णांना हवाईची गोष्ट जास्त आवडली. २० डिसेंबर १९०६ला पंधरा फिलिपिनो पुरुष 'डोरिक' बोटीतून हवाईत उतरले, अमेरिकी मळेवाल्यांचा ऊस तोडायला. पुढच्या चाळीस वर्षांत सव्वा लाखाच्या आसपास गेले. त्यांनाही सकादाच म्हणायचे. १९२०मध्ये त्यांनी जपानी मजुरांच्या जोडीनं ओआहू बेटावर संप केला. १९२४मध्ये कवाईच्या हानापेपेला पोलिसांशी चकमक झाली, १६ संपकरी मेले आणि ४ पोलीस. १९४६मध्ये मात्र सगळ्या जातीजमातींचे २६ हजार मजूर एकदम उतरले, ७९ दिवस संप चालला आणि मळेवाले वाकले. नंतर १९६५मध्ये कॅलिफोर्नियात डेलानोला द्राक्षमळ्यांवर पहिल्यांदा काम थांबवलं ते लॅरी इटलियाँग यांच्यामागं गेलेल्या फिलिपिनो मजुरांनी. सेझार चावेझ आणि त्यांचे मेक्सिकन मजूर आठवड्याभरानं आले. अमेरिकेतल्या शेतमजुरांना जे काही मिळालं त्यात या बाहेरून आलेल्या माणसांचा वाटा असा आहे, आणि तो डॉलरमध्ये मोजलेला नाही. अण्णांनी कोयता बंद ठेवून भाववाढीसाठी केलेले संप बघितलेत. "एकोणऐंशी दिवस?" ते म्हणाले. "त्येंना धान्य कोण देत व्हतं?" युनियननं स्वयंपाकघरं चालवली, मासे धरले, शिकार केली, हे मी त्यांना सांगितलं. त्यावर त्यांनी आमच्याकडच्या संपांबद्दल जे मत दिलं ते इथं छापण्यासारखं नाही.

आपल्याकडं पैसा येत नाही असं नाही. परदेशातून भारतात येणाऱ्या पैशात महाराष्ट्र वरच्या क्रमांकावर आहे. २०२३-२४मध्ये रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत २०.५ टक्के, केरळपेक्षाही जास्त. पण त्यात आमच्या बीडमधल्या धारूर-वडवणीचा वाटा किती, हे शोधायला भिंग लागेल. आमची माणसं परदेशी जात नाहीत, दोन-चार जिल्हे ओलांडून जातात. पश्चिम महाराष्ट्राचे आणि कर्नाटकाचे कारखाने त्यांच्या हातांवर चालतात आणि शिरूर-पाटोद्याची दिवाळी त्यांच्या उचलीवर होते. फिलिपिनोंचं आणि आमचं, देणं तेच. आमच्याकडचा कागद मात्र कोरा. ऊसतोड बाया पहिल्यांदा नीट मोजल्या गेल्या त्या २०१९मध्ये, तेही गर्भाशय काढण्याचं प्रकरण बाहेर आल्यावर. बीड जिल्ह्यात ८२,३०९ बायांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. नंतर ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ कामाला लागलं, कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागं १० रुपये घ्यायचं ठरलं, ग्रामसेवकानं नोंद करून ओळखपत्र द्यायचं ठरलं. आमच्या वाडीत काहींकडं ओळखपत्र आहे. बाकीचे कार्ड निघायच्या वेळी फडात होते.

म्हणून या दसऱ्याआधी मी मोबाईलवरच एक यादी केली. जाणाऱ्याचं नाव, वय, कारखाना, मुकादम, उचल किती, सोबत लेकरं किती, घरी कोण राहिलं, अडचणीत फोन कुणाला करायचा. जहाजावर चढताना आमची जी क्रू लिस्ट असते, तिच्यावरूनच रकाने घेतले. चुलतभावाकडं गेलो तर त्यानं झटक्यात सांगितलं, "लिही, एक कोयता." मी त्याचं नाव लिहीत होतो तोवर भावजय चुलीपासून उठून आली. "भाऊजी, माझं खाली लिहू नका. अलग वळीत लिहा, नंबर टाकून." मी नंबर टाकला. मग पलीकडच्या तीन घरच्या बायांनीही तसंच करायला लावलं आणि यादी दुप्पट झाली.

दुसऱ्या दिवशी मुकादमाचा फोन आला. यादी कशाला लागते म्हणून विचारत होता. मी म्हटलं, उचलीचा रकाना तुम्हीच भरून द्या, म्हणजे चूक व्हायची नाही. बघतो म्हणाला. अजून बघतोय.